नदी, मीठ आणि कायदा

पाण्याच्या अभावानें ओसाड झालेल्या प्रदेशांचा इतिहास सर्वांस ठाऊक असतो. पाण्याच्या विपुलतेनें ओसाड झालेल्या जमिनींचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. दुष्काळ एका वर्षांत डोळ्यांत भरतो. त्याची नोंद सरकारी दप्तरांत होते, त्याच्यासाठीं कायदे निघतात, कामें निघतात. मीठ मात्र वीस-पंचवीस वर्षें गुपचूप आपलें काम करीत असतें. शेताच्या सखल कोपऱ्यांत एके वर्षीं ऊंस खुरटतो, पुढील वर्षीं उगवण विरळ होते, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यांत मातीवर पांढरी साय धरते, आणि मग केव्हां तरी त्या रानाला ‘चोपण’ हें नांव कायमचें चिकटतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील हातकणंगलें व त्याला लागून असलेला शिरोळ या दोन तालुक्यांतील नदीकांठच्या जमिनींत हा इतिहास घडला आहे आणि अजून घडत आहे. त्यांतून एक प्रश्न उभा राहतो. पाणी आणण्याच्या कामीं जी राज्यसत्ता इतक्या हौसेनें पुढें आली, ती मीठ घालविण्याच्या कामीं इतकी मागें कां राहिली?

प्रथम भूमीची ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. हातकणंगलें तालुक्याच्या उत्तरेस वारणा आणि दक्षिणेस पंचगंगा. मधल्या भागांत आळतें, रामलिंग, बाहुबली येथील टेकड्या. टेकड्यांच्या पायथ्याशीं जमीन हलकी व मुरमाड आहे; तेथून नदीकडे उतरत जावें, तसतशी माती काळी, खोल आणि चिकण होत जाते. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांनीं गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमानें प्रयाग चिखली येथें सिद्ध होते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. या नद्यांच्या उगमाकडे, गगनबावड्याच्या बाजूस, वर्षाला पांच हजार मिलिमीटरांवर पाऊस कोसळतो. तेथून शंभर किलोमीटरांच्या आंत असलेल्या हातकणंगल्याच्या वांट्यास त्याचा लहानसा अंशच येतो. म्हणजे नदी भरलेली आणि कांठचें रान तहानलेलें, अशी येथील मूळची स्थिति.

या काळ्या मातींत मीठ कोठून आलें, असें कोणी विचारील. तें बाहेरून कोणी आणून टाकलें नाहीं. दख्खनचा काळा फत्तर झिजून माती बनते, तेव्हां त्यांतील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार मातींत मोकळे होतात. जेथें पाऊस भरपूर, तेथें ते धुऊन जातात. जेथें पाऊस बेताचा, तेथें ते खालच्या थरांत साचून राहतात. शेतकरी मोटेनें विहिरीचें पाणी काढून मोजकें बागाईत करीत होता, तोंपर्यंत हा खालचा सांठा झोपलेलाच होता. मोटेचें पाणी बैलाच्या श्रमानें मोजलेलें असे; तें वायां घालविणें कोणास परवडत नसे.

ही स्थिति पालटण्याचा संकल्प कोल्हापूर संस्थानांत विसाव्या शतकाच्या आरंभींच झाला. १९०२ सालीं शाहू छत्रपतींनीं संस्थानाचें पाटबंधाऱ्यांविषयींचें धोरण जाहीर केलें, आणि त्याच दशकांत भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें. पैशाच्या टंचाईनें तें रेंगाळलें. महाराज १९२२ सालीं निवर्तले, आणि धरण पूर्णत्वास जाण्यास स्वातंत्र्यानंतरचें दशक उजाडावें लागलें. तरीही एका लहान संस्थानानें स्वतःच्या तिजोरींतून एवढें धरण बांधण्यास घ्यावें, ही गोष्ट त्या काळीं असामान्य होती. या प्रदेशानें बंधाऱ्याचा एक स्वतंत्र प्रकारही रूढ केला. नदीच्या पात्रांत दगडी खांब उभारावयाचे, पावसाळा सरतांच खांबांमधील खाचांत लाकडी बरगे बसवून पाणी अडवावयाचें, आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडीं ते काढून घेऊन पुराला वाट मोकळी करावयाची. हाच तो ‘कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा’. पुढें तो साऱ्या महाराष्ट्रांत गेला.

धरणानें पाणी सांठविलें, बंधाऱ्यांनीं तें पात्रांत उभें केलें, आणि इंजिनांनीं व पुढें विजेच्या मोटारींनीं तें उचलून शेतांत नेलें. सरकारी कालव्यांनीं नव्हे, तर शेतकऱ्यांनीं स्थापन केलेल्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांनीं येथील शिवारें भिजविलीं, हें या जिल्ह्याचें वैशिष्ट्य होय. गुऱ्हाळांना जोडून साखर कारखाने आले, आणि ऊंस हें या भागाचें मुख्य पीक बनलें. या समृद्धीनें शाळा उघडल्या, घरें उभीं केलीं, कर्जें फेडलीं. तिचें श्रेय कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु तिची एक बाजू जमाखर्चांत कधीं मांडली गेली नाहीं.

ती बाजू साध्या हिशेबानें स्पष्ट होईल. गोड्या नदीच्या पाण्यांतही क्षार असतातच. समजा, एका लिटरांत अवघे ३०० मिलिग्रॅम आहेत. हें पाणी पिण्यास उत्तम ठरेल. उसाला वर्षभरांत सुमारें दोन मीटर उंचीचें पाणी दिलें, तर एका एकरांत जवळजवळ आठ हजार घनमीटर पाणी जातें, आणि त्याबरोबर सुमारें अडीच टन क्षार. पाणी पानांवाटे व मातीवाटे वाफ होऊन निघून जातें. क्षार मात्र तेथेंच राहतात. खालीं जाणाऱ्या जास्तीच्या पाण्यास वाट असेल, तर तें क्षारांना बरोबर घेऊन जातें. वाट नसेल, तर जमिनीखालचें पाणी वर वर चढतें. तें पृष्ठभागाच्या मीटर-दीड मीटर जवळ आलें, कीं दिव्याच्या वातींतून तेल चढावें त्याप्रमाणें खारें पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर येतें आणि सुकून मीठ मागें ठेवतें. हीच उपळट जमीन. पुढें त्यांतील सोडियम चिकणमातीच्या कणांस घट्ट धरून बसतो. माती ओली असतां लोण्यासारखी व सुकली असतां दगडासारखी होते, आणि तिच्यांत वाफसा म्हणून येतच नाहीं. ही झाली चोपण. ‘पाणी जास्त तितकें पीक जास्त’ ही समजूत येथें उलटी फळते.

हें ज्ञान नवें नाहीं. मुंबई इलाख्यांत त्याचा धडा शंभर वर्षांपूर्वींच मिळाला होता. निरा डाव्या कालव्याचें पाणी १८८५ सालीं बारामतीच्या बाजूस खेळूं लागलें. पंचवीस वर्षें पुरीं होतां होतां, १९१० सालीं, डॉ. हॅरल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांनीं शेतकी खात्यातर्फे निरेच्या खोऱ्यांतील खारट जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्याच्या पाझरानें जमिनीखालचें पाणी वर येतें व त्याबरोबर क्षार येतात, आणि निचरा हाच त्यावर खरा उपाय, हें तींत दिसून आलें. दख्खनच्या कालव्यांवर उसाचें क्षेत्र आंखून देणारी विश्वेश्वरय्यांची ‘ब्लॉक पद्धत’ त्याच सुमारास सुरू झाली होती. १९१६ सालीं पाणी देण्याच्या पद्धतीचा अभ्यास करण्यासाठीं पाटबंधाऱ्यांचा एक खास विभाग काढण्यांत आला. क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखालीं वाढलेला हाच विभाग पुढें खडकवासल्याची जलसंशोधन संस्था म्हणून जगप्रसिद्ध झाला. सारांश, रोगाचें निदान झालें होतें, वैद्यही नेमले गेले होते.

आतां कायद्याकडे वळूं. मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा १८७९ चा. नैसर्गिक ओढ्यानाल्यांस कोणी अडथळा केला, तर तो दूर करण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला होता. परंतु त्यांतील एक कलम फार बोलकें आहे. कालव्यापासून दोनशें यार्डांच्या आंतील लागवडीच्या जमिनीला पाझराच्या पाण्याचा लाभ मिळतो असें दिसलें, तर त्या पाझरावरही पाणीपट्टी आकारावी, अशी त्यांत तजवीज होती. पाझर म्हणजे सरकारनें केलेला उपकार, ही त्यामागील दृष्टि. तोच पाझर कांहीं वर्षांनीं त्याच जमिनीचें मीठ वर आणील, ही शक्यता करआकारणीच्या हिशेबांत नव्हती. कोल्हापूर संस्थान १९४९ च्या मार्चमध्यें मुंबई राज्यांत विलीन झालें, तेव्हां हातकणंगलें या कायद्याच्या छत्राखालीं आलें. पण तो कायदा मुख्यतः कालव्यांचा, आणि येथील पाणी तर उपशाचें. कालव्यावर निदान इंजिनिअर असतो, त्याला विचारतां येतें. शेकडों मोटारींनीं उचललेल्या पाण्याच्या निचऱ्याबद्दल कोणास विचारावें? १९७६ सालीं महाराष्ट्राचा नवा पाटबंधारे कायदा झाला, २००५ सालीं पाणीवापर संस्थांचा कायदा झाला. पाणी मोजून देण्याकडे राज्यानें पाऊल टाकलें. निचरा मात्र पुढच्याच रांगेंत थांबलेला राहिला.

याच मुंबई राज्यानें दुसऱ्या एका किनाऱ्यावर वेगळी बुद्धि दाखविली होती. कोंकणांतील खाड्यांच्या कांठीं भरतीचें खारें पाणी नदीच्या मुखांतून आंत शिरतें आणि भातशेती बुडवितें. तेथें पूर्वापार शेतकरी मिळून बांध घालीत. एकाचा बांध फुटला, कीं शेजारच्या दहांचें पीक जातें, हें तेथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. म्हणून १९४८ सालीं खार जमिनींचा कायदा झाला, त्यासाठीं मंडळ नेमण्यांत आलें, आणि १९७९ सालीं महाराष्ट्रानें खार जमीन विकासाचा नवा कायदा केला. मीठ ही एकट्या शेतकऱ्याची नव्हे, तर समाईक आपत्ति आहे, हें तत्त्व राज्यानें कोंकणांत मान्य केलें. देशावर तेंच मीठ खालून येतें. तें दिसत नाहीं, म्हणून तें खासगी दुर्दैव ठरलें.

नदीच्या शुद्धतेविषयीं कायदे झालेच नाहींत, असें मात्र नाहीं. महाराष्ट्रानें जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ सालीं केला आणि १९७० च्या सप्टेंबरमध्यें त्यासाठीं मंडळ स्थापिलें. केंद्राचा कायदा यानंतर पांच वर्षांनीं, १९७४ सालीं आला. त्याची घडण समजून घेण्याजोगी आहे. घटनेप्रमाणें पाणी हा राज्यांचा विषय. त्यावर संसदेस कायदा करावयाचा, तर राज्यांच्या विधिमंडळांनीं तसा ठराव करून पाठिंबा द्यावा लागतो. बारा राज्यांनीं तो दिला, म्हणून १९७४ चा कायदा होऊं शकला. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, कारण त्याचा स्वतःचा कायदा होता. १९८१ सालीं त्यानेंही केंद्रीय कायदा स्वीकारला. राज्यांच्या संमतीवांचून नदीचें रक्षण करणारा कायदा उभाच राहत नाहीं, ही गोष्ट येथें ठळकपणें दिसते.

या कायद्याची कसोटी हातकणंगलें तालुक्यांतच, इचलकरंजीस, लागली. घोरपडे जहागीरदारांच्या या गांवांत नारायणराव बाबासाहेबांच्या आश्रयानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसविला. पुढें गांवाचें शहर झालें, आणि विणकामाला धुलाई, रंगाई यांची जोड मिळाली. कापडावर रंग चढण्यासाठीं साधें मीठ वा सोडियमचा दुसरा क्षार मोठ्या प्रमाणावर वापरावा लागतो. नेहमींच्या शुद्धीकरणानें सांडपाण्यांतील गाळ व कुजणारे पदार्थ निघतात. विरघळलेलें मीठ निघत नाहीं. उन्हाळ्यांत बरगे घातलेल्या बंधाऱ्यांमागें नदी स्थिर होते, आणि वरच्या शहरांचें मैलापाणी, कारखान्यांचें सांडपाणी व शेतांचा झिरपा तिच्यांत एकत्र साचतो. २०१२ सालीं इचलकरंजींत काविळीची मोठी सांथ आली. पंचगंगेच्या कांठचें हें शहर पाण्यासाठीं कृष्णेकडे गेलें, मग वारणेकडे व दूधगंगेकडे पाहूं लागलें. वारणेवर दानोळीच्या आणि दूधगंगेवर सुळकूडच्या लोकांनीं त्यास विरोध केला. त्या विरोधांत आकस शोधण्याची गरज नाहीं. आपल्या नदीची दशा उद्यां पंचगंगेसारखी होईल, हें भय कोणासही वाटेल.

न्यायासाठीं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पंचगंगा ही वाळवंटांतील खारी नदी नव्हे. दर पावसाळ्यांत सह्याद्रीचें गोडें पाणी तिला धुऊन काढतें. म्हणून येथील मिठाचा मुक्काम मुख्यतः जमिनींत आहे. नदींत तें उन्हाळ्यापुरतें डोकें वर काढतें. परंतु जमिनींतील मीठ काढावयाचें, तर तें जावयाचें कोठें? चरांतून ओढ्यांत, ओढ्यांतून नदींत, आणि नदींतून खालच्या गांवांस. शेताचा निचरा आणि नदीची शुद्धता हीं एकाच प्रश्नाचीं दोन टोकें आहेत, आणि हेंच या साऱ्या इतिहासाचें मर्म होय. एक टोक ओढलें, तर दुसरें ताणलें जाणारच.

हें ताणणें किती दूर जाऊं शकतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीनें घालून दिलें. १९६१ सालीं ॲरिझोनांतील एका प्रकल्पानें आपल्या शेतांतील खारें पाणी उपसून नदींत सोडण्यास आरंभ केला. त्या शेतांना त्यानें जीवदान मिळालें. पण सरहद्दीपलीकडे मेक्सिकोच्या मेहिकाली खोऱ्यांत पोंचणारें पाणी जवळजवळ दुप्पट खारट झालें. १९४४ च्या तहानें मेक्सिकोला पाण्याचा ठराविक वांटा मिळत होता. त्यांत किती मीठ चालेल, हें तहांत लिहिलेलें नव्हतें. बारा वर्षें तंटा चालला. १९७३ सालीं दोन्ही देशांत खारटपणाची मर्यादा ठरली. त्याच वर्षीं खोऱ्यांतील सात राज्यांनीं एकत्र येऊन आपली समिति स्थापिली, आणि त्या राज्यांच्या पाठिंब्यानें १९७४ च्या जूनमध्यें नदीच्या क्षारनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. खर्चाचा मोठा भाग केंद्राचा, उरलेला खोऱ्यांतील निधींचा, अशी वांटणी ठरली. पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारीं तीं राज्यें मिठाच्या प्रश्नावर एकत्र आलीं, कारण ज्याचा त्याचा वांटा शाबूत राहूनही निरुपयोगी होण्याची पाळी आली होती.

ऑस्ट्रेलियानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. मरे नदीच्या खोऱ्यांतील राज्यांनीं १९८८ सालीं क्षार व निचरा यांचें समाईक धोरण आंखलें आणि मिठाची जणूं खातेवही उघडली. जें राज्य आपल्या निचऱ्यानें नदींत मीठ वाढवील, त्याच्या नांवें खर्च पडावा. जें क्षार अडविण्याच्या कामांस हातभार लावील, त्याच्या नांवें जमा व्हावी. कोणास निचरा करण्याची मनाई नाहीं. परंतु ज्यानें तो केला, त्यानें त्याची भरपाईही केली पाहिजे.

या तुलनेंत कृष्णेचें चित्र बोधप्रद आहे. १९६९ सालीं नेमलेल्या न्या. बच्छावत यांच्या लवादानें १९७६ च्या अंतिम निर्णयांत महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी वांटून दिलें. शेतांत वापरून नदींत परतणाऱ्या पाण्याचाही हिशेब त्या निर्णयांत झाला. पण तो झाला घनफुटांत. परतणारें पाणी आपल्याबरोबर काय घेऊन येतें, याचें माप त्या तराजूंत नव्हतें. शेतकऱ्याच्या पाझरावर पट्टी लावणाऱ्या १८७९ च्या कायद्याशीं या दृष्टीचें नातें उघड आहे. दोहोंनाही पाणी दिसतें, मीठ दिसत नाहीं. प्रदूषणाच्या कायद्याला मीठ दिसूं शकतें, पण कारखान्याच्या नळाच्या तोंडापाशींच. हजारों शेतांतून झिरपणाऱ्या मिठाला असें एक तोंड नसतें.

मध्यंतरीं लोक स्वस्थ बसले नाहींत. कसबे डिग्रज येथील कृषि संशोधन केंद्रानें खारवट व चोपण जमिनींच्या सुधारणेचें काम चालविलें. चोपण मातींत जिप्सम, म्हणजे शिरगोळा, घालून सोडियम सोडवावा, ताग-धैंचा गाडून मातीला जीव आणावा, आणि खालून निचऱ्याची वाट काढावी, हा क्रम आतां शेतकऱ्यांस परिचित झाला आहे. शिरोळ येथील श्री दत्त सहकारी साखर कारखान्यानें गांवोगांवच्या शेतकऱ्यांस एकत्र करून जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालण्याचें काम हातीं घेतलें, आणि वर्षानुवर्षें पडीक पडलेल्या रानांत पुन्हां ऊंस उभा राहिला. या कामाची खरी अडचण यंत्राची नाहीं. एकट्याच्या शेतांत नळ घालून भागत नाहीं. मुख्य नळ दहा जणांच्या बांधांखालून न्यावा लागतो, आणि ओढ्यापर्यंतची वाट अकराव्याच्या रानांतून जाते. त्या अकराव्याची जमीन अजून चांगली असते. त्यानें कशाला परवानगी द्यावी? सहकारानें हें कोडें कांहीं गांवांत सोडविलें. परंतु प्रत्येक गांवास तसें पुढारीपण लाभत नाहीं. जेथें तें लाभत नाहीं, तेथें निचऱ्याच्या वाटेचा हक्क देणारा, खर्चाची वांटणी ठरविणारा आणि ओढ्यांत उतरणाऱ्या क्षारांचें मोजमाप ठेवणारा कायदाच कामास येईल.

शाहू छत्रपतींच्या काळीं पाणी आणणें हें राजधर्माचें काम ठरलें. पाण्यावांचून शेतकरी एकटा कांहीं करूं शकत नाहीं, हें त्या धोरणाचें अधिष्ठान होतें. मिठापुढेंही तो तितकाच एकटा आहे. ज्या राज्यानें पाण्याची वाट आंत काढून दिली, त्यानें ती बाहेरही काढून द्यावी, आणि बाहेर पडलेलें मीठ खालच्या गांवाच्या माथीं मारलें जात नाहीं, हें पाहावें. निरेच्या खोऱ्यांतील पुस्तिका निघून शतक लोटलें. ज्ञानाची उणीव तेव्हांही नव्हती. हातकणंगल्याच्या नदीकांठीं पांढरी पडणारी जमीन वर्षावर्षानें वाढते, आणि सुधारणेचा खर्चही तिच्याबरोबर वाढतो. या कामीं लागणारा विलंब फुकट मिळत नाहीं.